थोरल्या दिरांचा गिअरबॉक्स

माझ्या नवऱ्याच्या तेराव्याची पानं अजून उठली नव्हती, तेव्हाच अंगणात भंगारवाला येऊन उभा राहिला. त्याला मी बोलावलं नव्हतं, थोरल्या दिरांनी बोलावलं होतं. त्याने आमच्या जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर टकटक केलं, मडगार्डाच्या कडेला नख घालून गंजाचा एक पापुद्रा काढला आणि दिरांकडे बघून मान हलवली. दीर हात धुऊन आले आणि सगळ्या भावकीच्या देखत मला म्हणाले, “बायमाणसाच्या हाताखाली गाडी सडंल. आजच काय तो निकाल लावूया.”

मी माजघराच्या उंबऱ्यात बसले होते. डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं. उठले, खुंटीवरची चावी घेतली, पायात चप्पलही न घालता जीपमध्ये चढले आणि इंजिन सुरू केलं. भंगारवाला बाजूला उडाला. गाडी चार हात मागे घेतली, वळवली आणि घराच्या दाराशी आडवी लावली. जेवायला बसलेली माणसं हातातला घास तसाच धरून बघत राहिली. कोणीतरी म्हणालं, दुःखाने डोकं फिरलंय हिचं. फिरलं नव्हतं. उलट तेरा दिवसांत पहिल्यांदाच ताळ्यावर आलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस जिवंत असेपर्यंत ही गाडी ह्याच्या दारावरून जाणार आणि ती ह्याला ऐकावी लागणार.

मी दिरांना अहोजाहो करते, अजूनही. ते सवयीने, मानाने नाही.

दोघा भावांच्या दोन जीपा होत्या, अगदी सारख्या. एका रस्त्याच्या ठेकेदाराने काम संपल्यावर आपल्या जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा दोघांनी मिळून जाऊन आणल्या. आल्या तेव्हाच त्या भरपूर पळून दमलेल्या होत्या. आमच्या गाडीचा किलोमीटरचा काटा एकदा सगळे नऊ संपवून शून्यावर आला, पुन्हा निघाला आणि मध्येच कुठेतरी कायमचा थांबला. थोरले म्हणून दिरांनी आधी निवडली. बरी ती त्यांनी घेतली, उरलेली आमची. माझ्या नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याला कशाचंच काही वाटत नसे, म्हणून मला त्याच्या वाटणीचंही वाटून घ्यावं लागे.

ही गाडी गेली असती तर नुसती गाडी गेली नसती. आमची आंब्याची कलमं वर सड्यावर आहेत, कातळाच्या माळावर. तिथे जाणारी वाट म्हणजे चिऱ्याच्या खडकात चाकांनी घासून पाडलेल्या दोन चाकोऱ्या. भाड्याचे टेम्पोवाले खालूनच हात जोडतात. वर चढते ती जीप, आणि भरलेल्या पेट्या घेऊन उतरते तीही जीपच. दिरांचं गणित सरळ होतं. माझी गाडी बंद पडली, की माझा आंबा झाडावर पिकून खाली पडणार, आणि एका हंगामात मी नाक मुठीत धरून माझ्या वाट्याची कलमं त्यांना खंडाने कसायला देणार. खंडाने दिलेली कलमं आमच्याकडे परत मिळत नाहीत. माझ्या माहेरच्या गावात दोन विधवांची मिळाली नाहीत, ते मी बघितलेलं होतं.

तर मी गाडी चालवायला लागले. येत होतीच. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याने सड्यावरच्या उघड्या कातळावर शिकवली होती, तिथे आदळायला काहीच नव्हतं म्हणून. हंगामात आंबा, मग काजू, मग फणस आणि रातांबे, आणि मधल्या दिवसांत वाडीचे गॅसचे सिलिंडर, गुरांची पेंड, कोणाच्या घराचे चिरे. माझं घर वर, सड्याच्या कडेला. दिरांचं घर खाली उतारावर, रस्त्याला लागून. त्यांच्या फाटकासमोरून गेल्याशिवाय मला बाजार नाही. देवाने एवढी एकच गोष्ट माझ्या मनासारखी करून ठेवली होती.

जुनी गाडी चालवणं म्हणजे निम्मं चालवणं आणि निम्मं तिच्याखाली झोपणं. मी दोन्ही शिकले. आमच्याकडे गाडीला इंजिन मारत नाही, समुद्र मारतो. खारा वारा चासीला खातो, आणि वरून रंगाचा हात दिला तर तो आतल्या आत आणखी खातो. नाटे बंदरावर होड्यांना माशाचं तेल लावताना मी बघितलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याला विचारलं, लाकडाला चालतं ते लोखंडाला चालेल का. तो म्हणाला, लोखंडाला चालेल, माणसांना चालायचं नाय. मी डबा भरून आणलं आणि पावसाच्या तोंडावर गाडीखाली झोपून ब्रशने सगळी चासी माखली. गंज थांबला. पुढे महिनाभर वाडीतली यच्चयावत मांजरं माझ्या गाडीखाली मुक्कामाला होती आणि बाजारात माणसं माझ्यापासून चार हात लांब उभी राहत. दिरांच्या दारावरून गाडी गेली, की वास त्यांच्या ओटीवर रेंगाळत असे. ते धोतराचा सोगा नाकाला लावत. मी तेलाचा दुसरा हातही दिला.

नोंदणीची मुदत संपली आणि गाडी पुन्हा पासिंगला न्यायची वेळ आली, तेव्हा दिरांनी गावभर सांगून ठेवलं की आता हिची गाडी परत येत नाही. तपासणाऱ्या साहेबाने खाली वाकून बघितलं आणि रुमाल काढून नाकाला लावला. मग हातोडीने चासीवर ठोकलं. ती ठणठणीत वाजली. त्याने सही केली आणि हे काय लावलंय असं विचारलं. मी सांगितलं. परतताना दिरांच्या फाटकासमोर गाडी उभी केली, उतरले, चाकांत हवा आहे की नाही ते चारही चाकांना लाथ मारून बघितलं, आणि सावकाश पुढे गेले. हवेला काही झालेलं नव्हतं.

त्याच सुमाराला त्यांच्या मुंबईच्या मुलाने नवीकोरी गाडी आणून दारात लावली, एसीची, काचा बटणावर खाली होणारी. त्यांची जुनी जीप परसात फणसाखाली गेली. वर पाचोळा पडला, कोंबड्या सीटवर अंडी घालायला लागल्या. मी जाता येता बघत होते. त्या जीपमध्ये अजून जीव होता.

मग माझा गिअरबॉक्स गेला. भर हंगामात, पेट्या भरलेल्या असताना, सड्याच्या वाटेवर. दात तुटल्याचा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली. बाजारातला मेस्त्री, आखातात बरीच वर्षं गाड्या दुरुस्त करून परत आलेला, वर आला, बघितलं आणि म्हणाला, ताई, हा आता कुठे मिळायचा नाही, ही गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. एक मिळेल, पण तो तुमच्या दिरांच्या फणसाखाली आहे.

मी गेले. आयुष्यात त्यांच्यापुढे एकदाच हात पसरले, ते त्या दिवशी. ओटीच्या पायरीवर उभी राहून म्हटलं, भाऊजी, गिअरबॉक्स द्या, काय मागाल ते देते. ते सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, “कलमा दे खंडान. गिअरबॉक्स फुकट ने.” मी म्हटलं, कलमं देणार नाही. तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “मग तुला एक नटसुद्धा नाय मिळायचा. माती होऊंदे तिची.”

आत जाऊबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी त्या घरात कधीच काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मेलं ते मेलं, एवढ्यावर दीर थांबले असते तर कदाचित मी हरले असते. पण त्यांना खात्री हवी होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तोच तेराव्याचा भंगारवाला बोलावला, फणसाखालची जीप त्याच्या ट्रकवर चढवली आणि ट्रक मुद्दाम वर वळवून माझ्या दारावरून न्यायला लावला. मला दिसावी म्हणून. मला दिसली. मी त्याच घटकेला शेजारच्या मुलाची मोटरसायकल, त्याच मुलाने चालवायची अशा बोलीवर, मागून घेतली आणि ट्रकच्या मागोमाग हातखंब्यापर्यंत गेले. तिथे हायवेला लागून त्या भंगारवाल्याचं आवार होतं. ट्रक थांबला, तो उतरला, मला बघितलं आणि हसायला लागला. त्याला तेराव्याचा दिवस आठवत होता, आणि पायावरून जाता जाता राहिलेलं चाकही. तो म्हणाला, तुमच्या दिराने मला बजावलंय, हिला विकू नको. मग डोकं खाजवत म्हणाला, पण भंगार एकदा माझ्या दारात आलं की ते माझं.

सौदा हापूसच्या पेट्यांवर झाला. मी गिअरबॉक्स घेतला. आणि हात धुऊन घेतेच आहे तर सगळंच घ्यावं, म्हणून स्टिअरिंग, मागचा ॲक्सल, दोन्ही दरवाजे आणि हॉर्नही घेतला. घराकडे येताना ते सगळं एका टेम्पोत होतं आणि मी टेम्पोवाल्याच्या शेजारी बसले होते. दिरांच्या फाटकाजवळ आल्यावर त्याला म्हटलं, भाऊ, जरा सावकाश घ्या, आत नाजूक माल आहे.

मेस्त्रीने दोन दिवसांत गिअरबॉक्स बसवला. चालवून बघितला तेव्हा कळलं, दिरांच्या गिअरबॉक्सला एक खोड होती. दुसऱ्या गिअरमध्ये तो कण्हायचा. बारीक, लांब, चढत जाणारा आवाज, दुखऱ्या दाताने कोणीतरी गुणगुणावं तसा. मेस्त्री म्हणाला, बेअरिंग बदलून बघतो, जाईल आवाज. मी म्हटलं, हात लावायचा नाही. तो आवाज मला ओळखीचा होता. वाडीतल्या कोणालाही विचारा, थोरल्यांची जीप बाजारातून निघाली की पलीकडच्या डोंगरावरून ओळखू येई.

आमचा उतार असा आहे की भरलेली गाडी दुसऱ्यात धरूनच उतरवावी लागते. म्हणजे रोज सकाळी पेट्या भरून मी वरच्या वळणावर आले, दुसरा टाकला, की दिरांचाच गिअरबॉक्स दिरांच्या दारावरून कण्हत जायचा. दीर फाटकाशी उभे असत. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. हातातला तांब्या तसाच राहिला, तोंड उघडं. मी हॉर्न दिला. तोही त्यांचाच.

त्या आनंदावर मी कितीतरी वर्षं काढली. खोटं कशाला बोलू. माणसं देवळात जातात, नामस्मरण करतात, मला सकाळचा तो एक उतार पुरत असे. पेट्या भरताना कंबर मोडायची, पहाटे उठताना गुडघे बोलायचे, पण वरच्या वळणावर आले की अंगात नवं बळ यायचं. कधी गाडी रिकामी असली आणि तिसऱ्यात सहज उतरली असती, तरी मी दुसराच टाकायची. डिझेल जास्त जायचं. जाऊदे.

दसऱ्याला मी आणखी एक करायची. गाडीला झेंडूच्या माळा घालून ती खाली न्यायची, आणि नारळ माझ्या दारात न फोडता त्यांच्या फाटकासमोर, भर रस्त्यावर, पुढच्या चाकाशी फोडायची. आमच्याकडे कोणाच्या दाराशी नारळ फोडला तर बघणारे त्याचा एकच अर्थ लावतात. पहिल्याच वर्षी वाडीत बोभाटा झाला, धाकटीने थोरल्यावर नारळ ठेवला, आता त्याचं काही खरं नाही. गुरव विचारायला आला, काय मागणं घातलंस म्हणून. मी म्हटलं, गाडीची पूजा केली, दुसरं काही नाही. तो मान हलवत गेला. त्याला पटलं नाही आणि मला तेच हवं होतं.

आणि योगायोग म्हणा, दिरांचं खरंच उतरत गेलं. मुलाने नवी गाडी मुंबईला नेली, इथे खारट हवेत खराब होते म्हणून. परसातल्या फणसाखाली तिच्यावर कापडी झाकण घालून ठेवायचे ते, तेवढं झाकण मागे राहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं, मग उजेड तेवढा कळायचा, मग तोही नाही. कोणाचं वाईट बघून बरं वाटू नये म्हणतात. मला वाटलं. मी विचार केला, आता बरं झालं, आता ह्यांना काही दिसत नाही, नुसतं ऐकूच येतं. रोज सकाळी ते फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले असत, तोंड वरच्या वळणाकडे. मला वाटायचं, जळतायत. मी दुसरा गिअर जरा लांबवायची.

मागच्या हंगामाच्या तोंडावर एके दिवशी रिकामे सिलिंडर घेऊन बाजारात निघाले होते, तर जाऊबाई खाली देवळाजवळच्या थांब्यावर उभ्या. एसटी आली नव्हती. हातात पिशवी, डोक्यावर पदर, ऊन तापायला लागलेलं. माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. मी गाडी थांबवली. त्या मागे चढायला गेल्या. मी म्हटलं, वैनी, पुढे या, मागे सिलिंडर आहेत. त्यांनी विचारलं, “फुडं बसू?” आणि मग दार दोन्ही हातांनी धरून चढल्या. ते दार त्यांच्याच जुन्या जीपचं होतं. पुढच्या सीटवर बसून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, ह्या गाडीत त्या एवढी वर्षं बसल्या, पण मागे, पेट्यांबरोबर. पुढची सीट पुरुषमाणसांची. कोणी पुरुष नसला तर तिच्यावर टोपली असायची.

थोड्या वेळाने त्या आपण होऊन बोलायला लागल्या. डोळे समोर, चेहऱ्यावर काही नाही. म्हणाल्या, ह्यांचा आता दिवस तुझ्या गाडीवर चालतो. पहाटेच उठून बसतात. चहा फाटकाशीच घेतात. वरच्या वळणावर आवाज आला की कप खाली ठेवतात, डावा हात मांडीवर ठेवून गिअर टाकल्यासारखा ओढतात, पायाने क्लच दाबतात. उतारभर तुझ्याबरोबर गाडी चालवतात. मग हसतात आणि म्हणतात, “माजी गाडी चालली बघ. पोराची नवी गाडी मुंबैत बंद पडून हाय, माजी अजून चालते.” दसऱ्याच्या नारळाचा विषयही निघाला. रस्त्यावरची फुटल्या नारळाची भकलं ते जाऊबाईंना वेचून आणायला लावत. आपल्या गाडीचा नारळ म्हणून कपाळाला लावून खात.

“बरा केलंस गो,” जाऊबाई म्हणाल्या. “त्यांची गाडी जिती ठेवलंस.”

मी रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याला गाडी घासता घासता वाचले. बाजारात त्यांना औषधाच्या दुकानाशी उतरवलं आणि स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिले. स्टिअरिंग, तेही त्यांचंच. एवढी वर्षं मी मीठ चोळत होते आणि तो माणूस ते साखर म्हणून चाटत होता. माझ्या नवऱ्याच्या गाडीतलं आता उरलं तरी काय होतं? चासी, इंजिन आणि मागचा फाळका. बाकी मी स्वतःच्या हाताने, हापूसच्या पेट्या मोजून, दिरांची जीप जिवंत केली होती. तिला तेल पाजलं, तिच्याखाली झोपले, तिच्यासाठी पहाटेची उठले. आणि तो फाटकाशी बसून माझ्या नवऱ्याच्या मरणानंतरही आपली गाडी चालवत होता, फुकट, मला ड्रायव्हर ठेवून. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, गिअरबॉक्स काढून टाकावा. पण दुसरा नव्हता, आणि हंगाम तोंडावर होता. गाडी थांबवली तर कलमं गेली. म्हणजे गाडी तर जायला हवी, पण त्यांना ऐकू येता कामा नये. विचार करता करता माझ्या लक्षात आलं की ते सगळ्यात सोपं होतं. आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर ते रोज करतो, डिझेल वाचवायला. उतार लागला की इंजिन बंद करतो आणि गाडी न्यूट्रलवर सोडून देतो.

भरलेली जीप त्या उतारावर बंद इंजिनाने सोडायची म्हणजे सगळा भार ब्रेकवर. मेस्त्रीला ब्रेक नव्याने भरायला सांगितले. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. पेट्या वाजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये भाताचा पेंढा कोंबला. मागचा फाळका खडखडायचा, तो काथ्याने आवळून बांधला. येतानाचा प्रश्न होता, चढाला इंजिन लागतंच. तेव्हा येताना दिरांच्या दारावरून यायचंच नाही. पलीकडच्या वाडीतून चिरेखाणीच्या रस्त्याने वळसा घालून यायचं. रस्ता लांब आणि खडीचा, टायर खाणारा. खाऊदे.

राहिला वास. आंधळ्या माणसाचं नाक तिखट होतं. हंगामाआधीही मी चासीला माशाच्या तेलाचा एक हात देत असे, तो त्या वर्षी द्यायचा नाही असं ठरवलं. इतकी वर्षं जिने समुद्राला दाद दिली नाही ती चासी मी उघडी सोडली. गाडीखाली झोपून बघितलं तर सांध्यांशी तांबूस पूड धरायला लागली होती, आणि माझा हात ब्रशकडे गेलाही होता. पण मी तो मागे घेतला. एक वर्ष जास्त चालण्यापेक्षा मला ती मुक्याने चालायला हवी होती.

पहिल्या दिवशी वरच्या वळणाकडे निघाले. खाली दीर खुर्चीत, पायाशी कप, तोंड माझ्याकडे. वळणाच्या बरंच आधी इंजिन बंद करायची दांडी ओढली. गाडी एकदा थरथरली आणि गप्प झाली. मी न्यूट्रल करून पाय ब्रेकवर ठेवला. चाकांखाली खडी बारीक करकरली, तेवढाच आवाज, तो कोणाच्याही सायकलचा असू शकला असता. त्यांचा डावा हात मांडीवर होता, तयार. मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून गेले. त्यांनी मान वळवली नाही. आरशात बघितलं तर ते तसेच, वरच्या वळणाकडे कान लावून बसले होते, आणि गाडी तर खाली पोहोचली होती. देवळाच्या पुढे जाऊन, मुख्य रस्त्याला लागल्यावर मी इंजिन सुरू केलं. हसू आलं ते बाजार येईपर्यंत थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी कप रिकामा नव्हता, चहावर साय धरलेली दिसली. पुढे ते खुर्चीत पुढे सरकून बसायला लागले, एक हात कानामागे. मला एकच धाकधूक होती, ती जाऊबाईंची. त्यांना डोळे होते. सकाळच्या वेळी त्या मागच्या बाजूला विहिरीवर असत, म्हणून निभावत होतं. पण एवढी मोठी जीप किती दिवस लपणार? एकदा त्यांनी बघितली की संपलं. त्या त्यांना सांगणार, ही बघा चालली, इंजिन बंद करून चालली. मग ते हसणार, आपली गाडी अजून जाते म्हणून. माझा सगळा डाव पाण्यात जाणार.

आणि व्हायचं तेच झालं. एके सकाळी मी वळणावरून गाडी सोडली आणि निम्म्या उतारावर आल्यावर बघितलं, जाऊबाई अंगणात तुळशीपाशी उभ्या होत्या. हातात तांब्या. त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. इंजिन बंद, गाडी ओझ्याने खाली ओढतेय, आता थांबताही येत नव्हतं आणि पळताही येत नव्हतं. मी ब्रेक दाबून धरला. गाडी रांगत फाटकासमोर आली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि मध्ये ते बसले होते.

खुर्चीतून त्यांनी विचारलं, “आली काय गो गाडी?”

जाऊबाईंनी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. माझ्यावरची नजर त्यांनी काढली नाही. तेव्हा मला कळलं, पुढच्या सीटवर बसून त्यांनी मला जे सांगितलं ते आभार मानायला सांगितलं नव्हतं.

“नाय,” त्या म्हणाल्या. “भंगारात घातली असंल तिनं.”

मी ब्रेकवरचा पाय सैल केला आणि गाडी खाली सोडली.